मुरूडहून टोकियोला : एका पुस्तिकेचे ऋण

श्रीवर्धनहून दक्षिणेकडे निघाले की हरिहरेश्वर लागते आणि पुढे सावित्री नदीची बाणकोट खाडी आडवी येते. बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी चढवली की थोड्याच वेळात पलीकडचे वेसवी येते. तेथून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै अशी गावे मागे टाकली की दापोली तालुक्यातील मुरूड लागते. श्रीवर्धनकरांना मुरूड म्हटले की प्रथम जंजिऱ्याचे मुरूड आठवते. ते उत्तरेला आहे. हे मुरूड दक्षिणेचे. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाळूचा लांब किनारा आणि देवळाभोवती वसलेली आळी यांत दोन्ही गावे श्रीवर्धनची भावंडे शोभावीत.

श्रीवर्धनने मराठी राज्याला पेशव्यांचे भट घराणे दिले. खाडीपलीकडच्या मुरूडने महाराष्ट्राला एक शिक्षक दिला. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नाव. विधवांचे शिक्षण आणि पुनर्विवाह यांसाठी त्यांनी सोसलेला छळ शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक असतो. मात्र वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हा शिक्षक जगप्रवासाला निघाला आणि त्या प्रवासात टोकियोतील एका संस्थेला भेट देऊन आला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या भेटीमागे सुमारे पंधरा वर्षांपूर्वी टपालाने आलेली एक पुस्तिका होती. त्या पुस्तिकेच्या हकीकतीत व्यापारी घराण्यांचा वाटाही मोठा आहे.

पहिला प्रवास पायी

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळगावी झाला. बालपण मुरूडला, बेताच्या परिस्थितीत गेले. त्यांचा पहिला मोठा प्रवास १८७५ साली, शिक्षणासाठीच घडला. सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचे होते. पावसाळी समुद्रामुळे मुंबईला जाण्याचा मार्ग बंद होता, म्हणून सोबत्यांबरोबर ते पायी साताऱ्यास निघाले. सुमारे ११० मैलांची वाट, मध्ये कुंभार्ली घाट आणि वरून पाऊस. चार दिवस चालून साताऱ्यास पोहोचलेल्या त्या किरकोळ अंगाच्या मुलाला परीक्षकांनी पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरवून परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरे होते; शरीरयष्टी आड आली. पुढील वर्षी कोल्हापूर केंद्रातून ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले.

पुढे मुंबईत शिकून ते गणित विषय घेऊन पदवीधर झाले आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून काम करू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला. या विवाहानंतर मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावाच्या भल्यासाठी त्यांनी तरुणपणी मित्रांसह निधी उभारला होता, त्याच गावात त्यांना पंक्तीला घेणे बंद झाले. कर्व्यांनी कोणाशी वाद घातला नाही. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. महाविद्यालयातील तास संपवून ते पायी हिंगण्यास जात आणि तेथे शिकवून पहाटे परत पुण्यास येत. वर्गणी मागण्यासाठी दारोदार हिंडणे हा तर त्यांचा दुसरा व्यवसायच झाला होता.

टपालाने आलेली पुस्तिका

१९१५ च्या सुमारास काशीचे एक धनिक गृहस्थ, बाबू शिवप्रसाद गुप्त, पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. काशी विद्यापीठ, ‘आज’ हे वृत्तपत्र आणि काशीतील भारतमाता मंदिर यांच्या स्थापनेमुळे हे नाव पुढे देशभर झाले. जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी कर्व्यांकडे पाठवली. आश्रमाच्या कामाच्या रगाड्यात ती काही काळ तशीच पडून राहिली.

त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती आली, आणि वर्षानुवर्षे मनात घोळत असलेल्या विचाराला आकार मिळाला. अध्यक्षीय भाषणात त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली पुण्यात ते विद्यापीठ सुरू झाले. सरकारी मान्यता नव्हती, इमारत नव्हती, आणि पहिल्या वर्गातील विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कर्वे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते; ज्या वयात नोकरदार माणूस निवृत्तिवेतनाचे कागद नीट लावून ठेवतो, ते हे वय.

जपानात कोणी, कसे उभारले?

त्या पुस्तिकेतील संस्थेचे नाव निहोन जोशी दाइगाक्को, म्हणजे जपान महिला विद्यापीठ. संस्थापक नारुसे जिन्झो. योगायोग असा, की नारुसे यांचा जन्मही १८५८ सालचाच. तेही शिक्षक होते. १८९० ते १८९४ या काळात त्यांनी अमेरिकेत अध्ययन केले, तेथील स्त्रियांच्या शिक्षणसंस्था पाहिल्या आणि परत येऊन १८९६ साली स्त्रीशिक्षणावर एक पुस्तक लिहिले. मुलीला प्रथम माणूस म्हणून, नंतर स्त्री म्हणून आणि नंतर राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. त्या काळच्या जपानात ‘सुगृहिणी आणि सुज्ञ माता’ एवढेच स्त्रीशिक्षणाचे ध्येय मानले जात असताना ‘प्रथम माणूस’ हा क्रम लावणे धाडसाचे होते.

केवळ विचाराने संस्था उभी राहत नाही. नारुसे पुस्तक घेऊन सावकार, सराफ आणि उद्योगपती यांच्या दारी गेले. ओसाकाच्या काजिमाया या जुन्या पेढीच्या सूनबाई हिरोओका असाको यांनी ते पुस्तक वाचले आणि त्या नारुसेंच्या पाठीशी उभ्या राहिल्या. या बाईंची गोष्ट कोणत्याही व्यापारी कुटुंबाने वाचावी अशी आहे. त्या क्योतोच्या मित्सुई घराण्यातील. लहानपणी त्यांना वाचनाची बंदी होती. सासरची पेढी राज्यक्रांतीनंतरच्या उलथापालथीत अडचणीत आली, तेव्हा त्यांनी व्यवहार हाती घेतला, कोळशाची खाण चालवली, पुढे बँक काढली आणि आयुर्विमा कंपनीच्या स्थापनेतही भाग घेतला. स्वतःला जे शिकता आले नाही ते पुढच्या मुलींना मिळावे म्हणून त्यांनी देणगी दिली आणि इतरांकडूनही मिळवली. त्यांच्या माहेरच्या मित्सुई घराण्याने टोकियोतील मेजिरो भागातील जागा दिली. योशिनोच्या जंगलांतील लाकडाचे मोठे व्यापारी दोकुरा यांनीही सुरुवातीचा निधी दिला.

हिशेबावर देखरेख ठेवण्याचे काम शिबुसावा एइची यांच्याकडे होते. जपानातील पहिली आधुनिक बँक १८७३ साली उभी करणारे हेच ते शिबुसावा. कन्फ्यूशियसची वचने आणि गणनाचौकट ही दोन्ही व्यापाऱ्याच्या हाती एकत्र असली पाहिजेत, म्हणजे नीती आणि नफा यांची फारकत होऊ नये, हे त्यांचे प्रसिद्ध मत. २०२४ च्या जुलैपासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. त्याच वेळी निघालेल्या पाच हजारांच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. त्यांनी १९०० साली टोकियोत मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली. ज्या देशाच्या दोन मोठ्या नोटांवर एक बँकर आणि एक शिक्षिका शेजारी बसतात, त्या देशाने शिक्षण आणि भांडवल यांचे नाते ओळखले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

अशा रीतीने १९०१ च्या एप्रिलात मेजिरो येथे विद्यापीठ सुरू झाले. गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तीन विभाग होते, आणि शिक्षणाची भाषा जपानी होती.

पंधरा लाखांची गोष्ट

कर्व्यांच्या विद्यापीठाची पहिली चार वर्षे ओढाताणीची गेली. वर्गणीदारांच्या लहान लहान रकमांवर गाडा चालत होता. अशा वेळी पुन्हा जपानच मदतीला आले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी १९१९-२० मध्ये पत्नी प्रेमलीलाबाईंसह जगप्रवासास गेले होते. त्या प्रवासात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्याही त्यांच्यासोबत होते. टोकियोत त्यांनी तेच महिला विद्यापीठ पाहिले. आपल्या देशात पुण्याचा एक अध्यापक हेच काम हातात पैसा नसताना करीत आहे, याची जाणीव तेथे पक्की झाली. परत आल्यावर १९२० साली सर विठ्ठलदासांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि मातुःश्रींचे नाव देण्याची इच्छा सांगितली. त्यावरून संस्था ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ झाली. आज ती एसएनडीटी या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

या देणगीची मांडणी व्यवहारी माणसाने ध्यानात घेण्यासारखी आहे. पंधरा लाख ही रक्कम साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांच्या हिशेबाने होती, म्हणून विद्यापीठाला दरवर्षी ५२,५०० रुपये व्याज मिळावयाचे होते. मुद्दल शाबूत राहणार आणि उत्पन्नावर संस्था चालणार. एका वर्षाच्या उत्साहात खर्चून न जाणारे आणि दात्याच्या मागेही टिकणारे दान कसे असावे, याचा हा नमुना होय. दान देताना भावना मोठी असतेच. तिला अशी बैठक दिली तर ती शंभर वर्षे टिकते.

एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवास

मार्च १९२९ मध्ये कर्वे परदेशास निघाले. हेतू दोन होते : आपल्या कामाची माहिती जगातील शिक्षकांना द्यावी आणि विद्यापीठासाठी साहाय्य मिळवावे. इंग्लंडात शिक्षकांच्या परिषदेस ते हजर राहिले आणि लंडनमध्ये हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणावर बोलले. जुलैअखेरीस जिनिव्हा येथील जागतिक शिक्षण परिषदेत त्यांनी आपला प्रयोग मांडला. ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नव्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले होते, तेथेही ते गेले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. गणिताच्या या जुन्या अध्यापकास त्या भेटीचे अप्रूप वाटले असणारच. त्यानंतर अमेरिका, आणि परतीच्या वाटेवर जपान.

टोकियो शहर त्या वेळी नुकतेच पुन्हा उभे राहत होते. सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने शहराचा मोठा भाग राख झाला होता. सात वर्षांच्या आत रुंद रस्ते, नवे पूल आणि शाळांच्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. १९३० च्या मार्चमध्ये पुनर्रचनेचा सोहळाही साजरा झाला. अशा शहरात कर्व्यांनी, ज्याच्या पुस्तिकेने आपल्याला वाट दाखवली ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्याच वयाचे नारुसे मात्र तेथे भेटणार नव्हते. १९१९ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले होते, आणि त्यांचे सहकारी आसो शोझो हे संस्थेचे काम पाहत होते. हिरोओका असाको याही त्याच वर्षाच्या जानेवारीत निवर्तल्या होत्या. ऋण ज्यांचे होते ती माणसे गेली होती. त्यांनी उभे केलेले काम मात्र समोर चालू होते.

मेजिरोच्या त्या आवारातील व्यवस्था हिंगण्याच्या माणसाला परकी वाटण्यासारखी नव्हती. वसतिगृह म्हणजे एक मोठी बराक नव्हे, तर लहान लहान घरांसारखे गट असत. प्रत्येक गटात वडीलधारी देखरेख असे, आणि स्वयंपाक, झाडलोट, हिशेब ही कामे मुली आपसांत वाटून घेत. श्रीमंत घरची मुलगीही यातून सुटत नसे. दुसरीकडे खेळांच्या वार्षिक मेळाव्यात याच मुली सायकली चालवत आणि ते पाहायला शहर लोटत असे. शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थिनींनी १९०४ साली ‘ओफूकाई’ ही आपली संघटना काढली होती. तिच्या नावात चेरी आणि मेपल ही दोन झाडे गुंफलेली आहेत. घरगुती विषयांवरचे एक साप्ताहिकही ही संघटना चालवत असे. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले असता नारुसे यांच्या निमंत्रणावरून कारुइझावा या डोंगरावरील गावी या विद्यार्थिनींसमोर बोलले होते. हिंदुस्थानशी या संस्थेचा परिचय असा आधीपासूनचा होता.

काय घेतले, काय ठेवले

परदेश पाहून आलेले लोक साधारणतः दोन प्रकारचे असतात. काहींना तिकडचे सगळे उत्तम आणि इकडचे सगळे टाकाऊ वाटते. काहींना आपले तेच श्रेष्ठ, हे सिद्ध करण्यासाठीच परदेश पाहायचा असतो. कर्वे या दोहोंत बसत नाहीत. त्यांनी जपानकडून तीन गोष्टी घेतल्या : उच्च शिक्षण मातृभाषेतून, अभ्यासक्रमात गृहशास्त्र आणि बालसंगोपन यांना प्रतिष्ठेचे स्थान, आणि सरकारच्या मान्यतेची वाट न पाहता लोकांच्या पैशावर काम सुरू करणे.

परंतु त्यांनी नक्कल केली नाही, कारण दोन्ही देशांची गरज एक नव्हती. जपानात १८७२ पासून प्राथमिक शिक्षणाचा कायदा होता आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बहुतेक सर्व मुली शाळेत जात होत्या. मात्र सरकारी विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. म्हणून नारुसेंना स्वतंत्र दार उघडावे लागले. हिंदुस्थानात उलटे होते. मुंबई विद्यापीठाने १८८३ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता, पण १९११ च्या जनगणनेत शंभरांत जेमतेम एक स्त्री साक्षर निघाली. दार उघडे होते, पण दारापर्यंत पोहोचणाऱ्या मुलीच नव्हत्या. बालविवाह, परकी भाषा आणि घरच्यांचा धाक ही तिघे वाटेत उभी होती. म्हणून कर्व्यांनी माध्यम मराठी, गुजराती अशा देशी भाषांचे ठेवले आणि इंग्रजी मात्र अभ्यासाचा विषय म्हणून ठेवली. पदवीलाही त्यांनी ‘गृहीतागमा’ असे संस्कृत नाव दिले.

यावर टीका झाली, आणि ती टीका अगदीच निराधार नव्हती. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम, असे अनेक सुधारकांना वाटे. पुरुषांबरोबर त्याच परीक्षेला बसून बरोबरी सिद्ध करावी, हे त्यांचे म्हणणे. कर्व्यांचे उत्तर गणितज्ञाचे होते : ज्यांना मुंबई विद्यापीठात जाता येते त्यांनी जरूर जावे, ज्या हजारो मुली तेथे कधीच जाणार नाहीत, त्यांच्यासाठी हा दुसरा मार्ग. दोन वाटा असल्याने पहिली बंद होत नाही. आज मागे वळून पाहता दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातील अंश पटतो. बरोबरीचा आग्रह हवाच होता. पण घरच्यांनी ‘मुलांबरोबर नको’ म्हणून अडवलेल्या कितीतरी मुली या दुसऱ्या वाटेनेच पदवीपर्यंत पोहोचल्या.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर

एप्रिल १९३० मध्ये कर्वे मायदेशी परतले. कोणत्याही माणसाने एवढ्या प्रवासानंतर विश्रांती घेतली असती. ते मात्र वर्षअखेरीस पुन्हा बोटीत बसले आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेत सव्वा वर्ष हिंडले. मोंबासा, नैरोबी, झांझिबार या ठिकाणी तेव्हा गुजरात, कच्छ आणि काठियावाडातून गेलेल्या व्यापाऱ्यांची वस्ती होती. त्यांत जैन ओसवाल कुटुंबेही होती. मायदेशापासून समुद्रापलीकडे दुकान मांडून बसलेल्या या वस्त्यांमध्ये, घरच्या मुलींच्या शिक्षणाची गोष्ट घेऊन हा वृद्ध शिक्षक गेला. देणगी लहान की मोठी, हा प्रश्न त्याने कधी महत्त्वाचा मानला नाही.

१९३६ साली विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईस आले. स्वातंत्र्यानंतर त्याला कायद्याने मान्यता मिळाली आणि १९५१ मध्ये त्या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या प्रेमलीलाबाई ठाकरसी. तीस वर्षांपूर्वी पतीसोबत टोकियोची संस्था पाहून आलेल्या त्याच प्रेमलीलाबाई. १९५८ साली कर्व्यांच्या वयाला शंभर वर्षे झाली. त्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या मुलाला वय पुरेसे दिसत नाही म्हणून साताऱ्याच्या परीक्षेतून परत पाठवले होते, तो एकशेचार वर्षे जगला.

आपल्या घरचा हिशेब

आज जपानच्या सहलींच्या जाहिरातींत ‘जैन भोजनाची सोय’ असे ठळक छापलेले असते. आपली अनेक कुटुंबे चेरीच्या बहरात तेथे जाऊन येतात. फुजी पर्वताची छायाचित्रे, वेळेवर धावणारी आगगाडी, झाडलेले रस्ते यांचे कौतुक घरी आल्यावर महिनाभर चालते, आणि ते योग्यही आहे.

परंतु जपान पाहून आलेल्या तीन भारतीयांचा ताळेबंद या निमित्ताने समोर ठेवावासा वाटतो. काशीच्या धनिकाने एक पुस्तिका पाठवली. टपालखर्च काही आण्यांचा. मुंबईच्या गिरणीमालकाने पंधरा लाख दिले. मुरूडच्या शिक्षकाजवळ पैसा नव्हता. त्याने उरलेले आयुष्य दिले. तिघांची रक्कम वेगळी, पण खाते एकच. त्यांतील एकही नोंद गाळली, तर आजचे विद्यापीठ जमेला दिसत नाही.

श्रीवर्धनच्या बाजारपेठेत संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या वडिलांना हिशेबात मदत करणारी एखादी मुलगी दिसते. बारावीनंतर तिने काय शिकावे, कोठे राहून शिकावे, याचा निर्णय अनेक घरांत अजून ‘स्थळ आले तर पाहू’ या वाक्यापाशी अडतो. ते वाक्य पुन्हा उच्चारण्याआधी हिरोओका असाकोंची बंद पडू पाहणारी पेढी आठवावी. ती सावरणाऱ्या सुनेला लहानपणी वाचायचीही मनाई होती. तिला शिकू दिले असते तर ती आणखी कोठवर गेली असती, याचा हिशेब तिच्या माहेरच्यांना कधीच मांडता आला नाही. आपल्याला तो अजून मांडता येतो.